इनएफिशियंट साहेब

"इनएफिशियंट," आबा म्हणाले. "भाषणात साहेबांसाठी हाच शब्द टाकायचा. वजनदार आहे."

मी चुलीपुढं भाकऱ्या थापत होते. हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि वळून पाहिलं. आबा उंबऱ्यात बसले होते, गुडघ्यावर वही, कानावर पेन्सिल. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले माझे वडील गावात शेडगे हवालदार म्हणून ओळखले जायचे. इंग्रजी बोलणारा माणूस म्हणूनही. आमच्या म्हशीला ते 'स्टँड ॲट ईज' म्हणायचे आणि म्हैस खरंच पाय पसरायची.

मी म्हटलं, "आबा, एफिशियंट म्हणायचंय ना तुम्हांला? म्हणजे कामाला चोख, वेळ आणि श्रम वाया न घालवणारा. इनएफिशियंट म्हणजे त्याच्या उलट. ढिला, निकामी."

"कोण म्हणतं?"

"इंग्रजीच म्हणतं."

आबांनी वही मिटली. मी त्या साली तालुक्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते, इंग्रजी घेऊन. घरात माझ्या इंग्रजीचं कौतुक होतं, पण आबांचं इंग्रजी माझ्या आधीपासूनचं होतं, आणि त्यांना ते ज्येष्ठतेनं मोजायची सवय होती.

"व्हॅल्युएबल म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"मौल्यवान."

"आणि इनव्हॅल्युएबल?"

"अतिशय मौल्यवान."

"झालं तर. इन लावलं की शब्द चढतो."

मी म्हटलं, करेक्ट आणि इनकरेक्टचं काय मग? आबा छपराकडं बघत तो अपवाद आहे म्हणाले. मी आणखी दोन-तीन शब्द काढले. त्यांनी तेही अपवादात घातले. शेवटी म्हणाले, "पेट्रोलच्या पिपावर काय लिहिलेलं असतं ठाऊक आहे? इनफ्लेमेबल. मग ते काय पेट घेत नाही? काडी लावून बघ एकदा."

तोवर तव्यावरची भाकरी करपली. आई पलीकडं लसूण सोलत होती. तिनं वर न बघताच सांगितलं, "बोलू दे की त्यांना काय बोलायचं ते. तुझं काय जातंय?"

माझं काय जात होतं ते सांगायला हवं, आणि त्यासाठी आधी वाळवेकर साहेबांची हकिगत सांगायला हवी.

आमचं भोरखिंड गाव डोंगराच्या कुशीत. वरची आळी आणि खालची आळी असे दोन भाग. खालच्या आळीत आमची पिठाची गिरणी होती. कागदावर ती आबांच्या नावावर होती, पण चालवायची आई. पट्टा चढवायचा, गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीनं टाकी लावायची, पाऊसपाण्याच्या दिवसांत बायकांचे डबे कोरडे ठेवायचे, सगळं तीच करायची. गावातल्या बायका तिला हवालदारीण म्हणायच्या आणि हवालदारापेक्षा तिला जास्त वचकून असायच्या.

दसऱ्याच्या सुमाराला खालच्या आळीची डीपी जळाली. डीपी म्हणजे खांबावर बसवलेला तो वीज उतरवणारा लोखंडी डबा. एका संध्याकाळी त्यातून ठिणग्या उडाल्या, काळा धूर निघाला आणि अर्धं गाव अंधारात गेलं. गिरणी बंद पडली. वरच्या आळीत गिरणी नव्हती, म्हणून सगळ्या गावच्या बायका डोक्यावर दळण घेऊन खिंडीपलीकडच्या गावाला जाऊ लागल्या. जाताना चढ, येताना चढ. घरातलं जातं पुन्हा मांडायची वेळ म्हाताऱ्यांवर आली.

आमच्या भागाचे वीज इंजिनिअर होते वाळवेकर साहेब. माणूस दिसायला गोरागोमटा, बोलायला मिठ्ठास. डीपी कधी येणार विचारलं की म्हणायचे, "आलीच समजा." दिवाळी झाली, संक्रांत झाली, होळीची राखसुद्धा उडाली, डीपी आलेली समजूनच आम्ही राहत होतो. एकदा साहेब स्वतः बघायला आले. सरपंच रंगराव बापूंनी कोंबडं कापलं. साहेब जेवले, खांबाखाली उभं राहून दात कोरले, आणि गेले.

तक्रार करावी तर ती वर जायची आणि शेरा मारण्यासाठी फिरून वाळवेकर साहेबांकडंच यायची. वरच्या आळीतल्या महिपती शिंप्यानं एकदा गावातर्फे तक्रार धाडली. आठवड्याच्या आत त्याच्या घरची वायर धोकादायक ठरली आणि त्याचंही मशीन बंद झालं. ते बघून गाव गप्प बसलं.

मग बातमी आली की साहेबांची बढती होऊन शहरात बदली होणार आहे. ते गेल्यावर त्यांच्या जागी कोण येणार, कधी येणार, कुणाला ठाऊक नव्हतं. नव्या माणसाला आमची डीपी कागदावर सापडणार का, हेही नाही. त्यात साहेबांनीच एक दिवस बापूंना बोलावून सांगितलं, "गावानं निरोपाचं काही करायचं मनात आणलं असेल तर माझी हरकत नाही." पुढं असंही सांगितलं की त्यांचे वरिष्ठ, अय्यंगार नावाचे मोठे साहेब, त्याच दिवशी धरणाकडच्या लाइनीची पाहणी करायला येणार आहेत, वाटेत इथं थांबतील. ते मद्रासकडचे, नवे आलेले, मराठी कळत नाही. तेव्हा एखादं भाषण इंग्रजीत झालं तर बरं.

नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. हेडमास्तर पिसे गुरुजी म्हणाले, मी इंग्रजी शिकवतो, बोलत नाही. आबा मात्र आपण होऊन पुढं झाले.

आता कळलं असेल, माझं काय जात होतं. मोठ्या साहेबासमोर, सगळ्या गावासमोर माझे वडील चुकीचं इंग्रजी बोलणार होते. त्या समारंभाला माझ्या कॉलेजातल्या दोघी मैत्रिणीही यायच्या होत्या. शिवाय वाळवेकर साहेबांना तो शब्द अपमान वाटला तर जाता जाता ते वरच्या आळीचाही दिवा विझवून गेले असते. दुसऱ्या दिवशी मी आमच्या इंग्रजीच्या सरांना गाठलं. गोसावी सरांनी नीट समजावून दिलं. एफिशियंट माणसालाही म्हणतात, यंत्रालाही म्हणतात, व्यवस्थेलाही म्हणतात. जेवढं आत घालावं त्यातलं फार थोडं वाया जातं तो एफिशियंट. आणि इनव्हॅल्युएबल म्हणजे ज्याची किंमतच करता येत नाही असा. तिथंही इन नकाराचाच आहे, नकाराची किंमत वाढली इतकंच.

हे सगळं मी घरी येऊन धडाधड आबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझे सर पेट्रोलच्या पिपापाशी उभे राहिलेत का कधी?"

मी रडकुंडीला आले. आईकडं गेले, तर ती गिरणीच्या बंद दाराला तेलपाणी करत होती. म्हणाली, "तुझ्या बापानं जग बघितलंय. तू आपली साडी कुठली नेसणार ते बघ. हार तुझ्या हातात द्यायचाय."

समारंभ शाळेच्या पटांगणात, भर दुपारी. मांडव घातला होता, हलगी होती, खुर्च्या होत्या. साहेबांच्या सोयीसाठी वरच्या आळीतून तार ओढून एक पंखा लावला होता. अय्यंगार साहेब जीपमधून उतरले. वाळक्या अंगाचे, चष्म्याचे, उन्हानं हैराण झालेले गृहस्थ. लवकर आटपावं अशी त्यांची इच्छा चेहऱ्यावर दिसत होती. मी त्यांना हार घातला, वाळवेकर साहेबांना घातला आणि व्यासपीठाच्या कडेला तबक धरून उभी राहिले. मला तिथंच उभं राहायला आईनं सांगितलं होतं. समोर बायकांच्या बाजूला ती पहिल्या ओळीत बसली होती.

बापूंनी गावाला बजावून ठेवलं होतं की हवालदार बोलायचं थांबले की टाळ्या वाजवायच्या.

आबा उठले. कोट, कोटावर पदकं, मिशीला तेल. त्यांनी मोठ्या साहेबांना सॅल्यूट ठोकला आणि इंग्रजीत सुरुवात केली. दोन वाक्यं स्वागताची झाली. मग छाती भरून घेतली आणि म्हणाले, "सर, अवर वाळवेकर साहेब इज व्हेरी व्हेरी इनएफिशियंट." आणि थांबले.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

वाळवेकर साहेबांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्याच्यातला जीव गेला. अय्यंगार साहेब खुर्चीत सावरून बसले. पंखा त्यांच्यावर होता तरी त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. मग ते सौम्यपणे आबांना म्हणाले की तुम्हांला एफिशियंट म्हणायचं असावं.

आबांनी मान हलवली. "नो सर. एफिशियंट स्मॉल वर्ड." आणि मला घरी ऐकवलेलं सगळं त्यांनी साहेबांना ऐकवलं. व्हॅल्युएबल, इनव्हॅल्युएबल, पेट्रोलचं पीप. एफिशियंट साहेब पुष्कळ असतात, आमचे साहेब त्यांच्यातले नाहीत.

माझ्या कानशिलातून वाफा निघत होत्या. मैत्रिणी पदर तोंडाशी धरून एकमेकींना ढोसत होत्या. मला राहवेना. तबक तसंच हातात, दोन पावलं पुढं झाले आणि बोलून गेले, "आबा, एफिशियंट. नुसतं एफिशियंट म्हणा."

सगळं पटांगण माझ्याकडं बघू लागलं. आबा वळले. परेडवर वळावं तसे वळले.

"विमल, मागं हो. दोन बुकं शिकली म्हणून बापाला इंग्रजी शिकवतेस?"

आयुष्यात त्यांनी मला चारचौघांत कधी रागावलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तबकातली सुपारी गडगडत जाऊन अय्यंगार साहेबांच्या बुटाशी थांबली. साहेबांनी ती उचलली, माझ्या तबकात ठेवली आणि माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. त्यांच्या नजरेत कणव होती, आणि त्यामुळं मला आणखीच रडू आलं. मग ते आबांकडं वळून, आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, असं असेल तर सांगा हवालदार, तुमचे साहेब इनएफिशियंट कसे ते.

आबा खुलले. त्यांचं इंग्रजी तुटक होतं, पण प्रत्येक शब्द सुटा आणि ठणठणीत. दुसरे इंजिनिअर असतात, डीपी जळाली की लगेच दुसरी आणतात, कामाला फार घाई करतात. आमचे साहेब तसे नाहीत. दसऱ्याला डीपी जळाली. साहेब म्हणाले, थांबा. दिवाळी आली, साहेब म्हणाले, थांबा. होळी आली, थांबा. गावाला त्यांनी धीर धरायला शिकवला. पूर्वी बायका गिरणीत बसून चकाट्या पिटायच्या, आता दळण घेऊन डोंगर चढतात, तब्येती सुधारल्या. पोरांना रात्री अभ्यास नाही, डोळ्यांना विश्रांती. एकदा साहेब जातीनं डीपी बघायला आले. नुसती बघितली. हात लावला नाही. कोंबडी खाल्ली आणि गेले. इतका शांत अधिकारी मी पलटणीतही पाहिला नाही.

प्रत्येक वाक्यानंतर आबा थांबत होते आणि गाव टाळ्या वाजवत होतं.

कोंबडीपाशी येईतो अय्यंगार साहेबांचं स्मित मावळलं होतं. वाळवेकर साहेब उठून त्यांच्या कानाशी काही सांगू लागले, तर त्यांनी नुसता तळहात वर केला. मग आबांना विचारलं, म्हणजे आज या घडीला हे गाव अंधारात आहे?

"हाफ व्हिलेज, सर. फुल अंधार. व्हेरी पीसफुल."

अय्यंगार साहेब उभे राहिले आणि ती डीपी बघायची म्हणाले.

बापूंना वाटलं मिरवणूक काढायची आहे. त्यांनी हलगीवाल्यांना खूण केली. अशा रीतीनं गळ्यात हार घातलेले दोन साहेब, पुढं हलगी, मागं सारं गाव, अशी वरात पटांगणातून निघून खालच्या आळीच्या खांबापाशी आली. डीपीचं झाकण उघडं लोंबत होतं. आत साळुंकीनं घरटं केलं होतं आणि पिलं चोची वासून ओरडत होती. हलगी आपोआप थांबली. अय्यंगार साहेबांनी मान वर करून ती पिलं बराच वेळ पाहिली. मग वाळवेकर साहेबांना एकच वाक्य हळू आवाजात म्हणाले. ते काय होतं हे कुणालाच ऐकू आलं नाही, पण वाळवेकर साहेबांनी गळ्यातला हार काढून हातात घेतला.

जीपमध्ये बसण्याआधी अय्यंगार साहेबांनी आबांचा हात हातात घेतला. तुमचं भाषण फार एफिशियंट होतं, म्हणाले.

"नो सर," आबा म्हणाले, "इनएफिशियंट."

साहेब हसले. जीप वळेपर्यंत ते हसतच होते.

मी मात्र घरी येऊन पांघरूण घेऊन पडले. आबांशी बोलले नाही, जेवले नाही. आईनं ताट आणून ठेवलं आणि लगेच गेली, त्याचाही राग आला. कॉलेजात तर दुसऱ्याच दिवशी बातमी पोचली होती. वर्गात कुणी उशिरा आलं की मागच्या बाकावरून आवाज यायचा, इनएफिशियंट, आणि सगळे माझ्याकडं बघायचे. घरी परतताना रोज वाटायचं, आपले वडील दुसऱ्या कुणाचे तरी असायला हवे होते.

त्याच आठवड्यात नवी डीपी आली. एका दुपारी मी एसटीतून उतरते तो खांबापाशी ट्रक उभा आणि खालची आळी सगळी गोळा झालेली. कामगारांनी घरटं आधी अलगद उतरवून बापूंच्या पडवीच्या आढ्यावर ठेवलं होतं, तशी मोठ्या साहेबांची ताकीदच होती म्हणे. वाळवेकर साहेब बदलीच्या ठिकाणी निघून गेले होते. बढतीचं काय झालं ते आम्हांला कधी कळलं नाही.

आबा कामगारांना 'स्टेडी, स्टेडी' करत उभे होते. मला बघितलं तसे जवळ आले. डीपी वर चढताना बघून माझाही राग थोडा उतरला होता. मी म्हटलं, "शब्द चुकला खरा आबा, पण काम झालं."

"चुकला?" आबांनी मिशीतून हसून माझ्याकडं पाहिलं. "विमे, सिग्नल पलटणीत आमचा एक कॅप्टन होता. रोज सकाळी परेडला माझ्यासमोर उभा राहायचा आणि तोच एक शब्द माझ्या तोंडावर ओरडायचा. सारं इंग्रजी विसरीन, पण त्याचा अर्थ विसरायचा नाही."

 पेट्रोलचं पीप, व्हॅल्युएबल, ते सगळे अपवाद डोळ्यांसमोरून गेले. तशीच गिरणीत गेले. आई पट्ट्याला मेण लावत होती. तिच्यापुढं उभी राहिले तेव्हाच तिला कळलं.

"सांगितलं वाटतं," ती म्हणाली. "मीच विचारलं होतं त्यांना. म्हटलं, तुमच्या इंग्रजीत असा एखादा शब्द नाही का, की तोंडावर खरं बोलावं आणि ते चुकून बोललंय असं वाटावं?"

"मग मला का नाही सांगितलं? मी सगळ्यांसमोर रडले."

आईनं मेणाचा गोळा खाली ठेवला. "तुझ्या तोंडावर सगळं दिसतं, बाई. लहानपणापासून. तुला ठाऊक असतं तर तू नुसती उभी राहिली असतीस, आणि त्या मोठ्या साहेबानं एका नजरेत ओळखलं असतं की हे ठरवून चाललंय. पोरगी बापापायी लाजून मरायला लागली, तेव्हा त्याला ती चूक खरी वाटली." मग पदराला हात पुसून म्हणाली, "आणि मध्येच पुढं होऊन बापाला दुरुस्त केलंस, ते तर आम्हीही ठरवलं नव्हतं. ते फार चांगलं केलंस."

माझा संताप अनावर झाला. मी सांगून टाकलं की आजपासून या घरात मी कुणाशी बोलणार नाही.

आणि मी खरोखरच दोन दिवस कुणाशी अवाक्षर बोलले नाही. पण तोवर डीपी सुरू झाली होती, सगळ्या गावाचं तुंबलेलं दळण आमच्या दारात येऊन पडलं होतं, आणि गिरणीच्या त्या घरघराटात माझं न बोलणं कुणाच्याही लक्षात आलं नाही.